मेलेल्या देवमाशाचा पाठलाग

नॅन्टकेटचे लोक खोटं बोलत नाहीत. त्यामुळं त्यांना माझी फार गरज पडायची.

मी झेफेरिनो. जन्म पोर्तुगिजांच्या फायाल बेटावरचा, पण मिसरूड फुटायच्या आधीपासून नॅन्टकेटच्या जहाजांवर देवमाशांच्या मागं. 'टॅबिथा' जहाजाच्या यादीत माझ्या नावापुढं 'आचारी' असं लिहिलेलं होतं. माझ्या हातचं जेवलेले लोक म्हणायचे, या जहाजावरचं पहिलं खोटं तेच.

नॅन्टकेट हे अमेरिकेजवळचं बेट, तिथले निम्मेअधिक लोक क्वेकर पंथाचे. ते शपथ घेत नाहीत. का, तर शपथ घेऊन खरं बोललो म्हणजे एरवी खोटं बोलतो असं होईल. कुणापुढं टोपी काढत नाहीत आणि राजा आला तरी त्याला 'तू'च म्हणतात. पहिल्या दिवशी मी कप्तानाला 'तुम्ही' म्हणालो, तर त्यानं मागं वळून बघितलं.

"तुला किती जण दिसतायत?"

"एकच."

"मग एकाशीच बोल."

माणसावर ते कधी हात उगारत नाहीत. देवमाशांना कुणी हे कळवलं नसावं.

आमचा कप्तान शूबाएल वर्थ. उंच, काटकुळा, कमी बोलणारा, आणि राहणीला इतका साधा की माझं जेवण त्याला आवडायचं. बाकीच्या कप्तानांना देवमासे हवे असतात, कुठलेही, मिळतील तेवढे. शूबाएलला एकच हवा होता. त्याच्या शेपटीची डावी बाजू कधीतरी तुटून गेलेली, म्हणून आम्ही त्याला थोट्या म्हणायचो.

हे सुरू झालं जपानच्या समुद्रात. कप्तानाच्या होडीत पुढं हारपून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, घेऊन उभा होता एलिहू, कप्तानाचा एकुलता एक मुलगा. एकवीस वर्षांचा. त्यानं हारपून मारला, तो बरोबर बसला, थोट्यानं बुडी मारली आणि दोरी भराभर त्याच्यामागं सुटली. सुटलेल्या दोरीच्या वेटोळ्यात हात किंवा पाय सापडला तर माणूस ओरडतसुद्धा नाही. पापणी लवायच्या आत होडीत सहाचे पाच झाले. दोरी तोडायला होडीत कुऱ्हाड ठेवलेली असते, कप्तानाच्या हाताशी. ती वेळेवर उचलली गेली, की देवमासा हातचा जाईल म्हणून क्षणभर थांबली, हे त्या पाच जणांपैकी कुणी कधी बोललं नाही. आम्ही कुणी विचारलंही नाही.

पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, बारझिलाई स्वेन यानं कप्तानाच्या बायकोला चार ओळींचं पत्र धाडलं. आणि जहाजावर त्या दिवसापासून एलिहूचं नाव बंद झालं. पिंपं बनवणारा एक म्हातारा होता आमच्यात, दुर्दैवानं त्याचंही नाव एलिहू. तो बिचारा 'अरे ए' झाला. पुढंपुढं 'अरे ए' म्हटल्याशिवाय तो वळूनही बघेना.

थोट्याचं नाव मात्र दिवसभर. कप्तानानं त्याची चित्रं काढून केबिनभर लावली होती: डावीकडून, उजवीकडून, वरून. तो किती श्वास घेऊन बुडी मारतो, किती वेळ खाली राहतो, कुठल्या डोळ्यावर व्रण आहे, सगळं तोंडपाठ. जहाज तेलानं भरलं. भरलं की घरी जायचं असतं. आम्ही गेलो नाही. पिंपं भरली, मग पाण्याची पिंपं भरली, मग माझी खारवलेल्या मांसाची दोन पिंपं रिकामी करून घेतली. त्यानंतर चांगले गुबगुबीत देवमासे जहाजाला खेटून जायचे आणि आम्ही नुसते कठड्याला टेकून त्यांच्याकडं बघायचो.

"हा थोट्या आहे का?" कप्तान विचारायचा.

"नाही, शूबाएल."

"मग जाऊ दे."

अशी सव्वादोन वर्षं गेली.

गॅलापागोसच्या पश्चिमेला आम्हाला 'ऑरोरा' भेटलं. आमच्याच बेटाचं जहाज. दोन जहाजं समुद्रात भेटली की थांबायचं, एकमेकांकडं जायचं, पत्रं द्यायची-घ्यायची, गप्पा मारायच्या, असा रिवाज. आमचा कप्तान डेक सोडेना, न जाणो तेवढ्यात थोट्या वर आला तर. तिकडचा कप्तान पिंकम दाढ सुजून पडलेला, हनुवटीपासून टाळूपर्यंत फडकं बांधलेलं, तोंड उघडायची सोय नाही. म्हणून मी आणि बारझिलाई दोघेच होडीतून तिकडं गेलो. तो पत्रांसाठी, मी बटाट्यांसाठी.

मला बटाटे मिळाले आणि पत्रही. आयुष्यातलं पहिलं पत्र. डायोनिस वर्थचं, म्हणजे कप्तानाच्या बायकोचं. मी त्यांच्या अंगणात लाकडं फोडायला जायचो तेव्हा तिनंच मला वाचायला शिकवलं होतं, म्हणून अक्षरं मोठी मोठी काढली होती.

'झेफेरिनो, मी शूबाएलला अकरा पत्रं लिहिली. त्याचं उत्तर नाही. मला तो देवमासा नको आहे. मला शूबाएल घरी हवा आहे. इथं सगळे भले आहेत, पण एलिहूविषयी बोलावं असं माझ्याजवळ कुणी नाही. शूबाएलला घेऊन ये. कसं आणलंस ते मी विचारणार नाही.'

मी ते घडी घालून सदऱ्यात ठेवतोय तेवढ्यात बारझिलाईनं माझा दंड धरला. एवढा गोरा माणूस आणखी पांढरा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्यांच्या डेकवर, हत्यारांना धार लावायच्या सहाणेच्या चाकाजवळ एक हारपून पडला होता. गंजलेला, दांडा पिळवटलेला, पण पात्यावर कोरलेली खूण स्पष्ट: टॅबिथा, कप्तानाची होडी.

"तुमचाच ना?" त्यांचा लोहार म्हणाला. "बरं झालं भेटलात. कधीचा परत द्यायचा होता."

"कुठं मिळाला?" बारझिलाईनं विचारलं.

"एका म्हाताऱ्या नरात. अर्ध्या शेपटीचा होता."

"कुणी मारला?"

"मारतंय कोण त्याला! मेलेलाच होता की. फुगून तरंगत होता. दिसायच्या आधी वास आला. दात झिजलेले, अंगावर मांस नाही. म्हातारपणानं गेला असावा. तेलही धड निघालं नाही."

एवढंच. आमचा थोट्या, ज्याच्यासाठी आम्ही अर्धा पॅसिफिक पालथा घातला, तो म्हातारपणानं मेला आणि वासावरून सापडला.

होडीत बसायच्या आधी आम्ही दोघं बटाट्यांच्या पोत्यामागं उभे राहिलो.

"सांगू या," मी म्हणालो. "म्हणजे घरी जायला मोकळा."

"झेफ, तो जेवतो कशासाठी? थोट्या भेटला तर हातात जोर हवा म्हणून. झोपतो कशासाठी? त्याच्याचसाठी. हे काढून घेतलंस तर तो कठड्यावरून सरळ खाली जाईल, पोराच्या मागं."

"मग नको सांगायला."

"नाही सांगितलं तर जन्मभर इथंच फिरू."

"मग करायचं काय?"

बारझिलाई बराच वेळ गप्प राहिला. त्यांच्या प्रार्थनेतही सगळे असेच गप्प बसतात, देव आतून बोलेपर्यंत. इथं देव काही बोलला नाही. शेवटी तो म्हणाला, "मी खोटं बोलणार नाही. मी फक्त बोलणार नाही. तुझ्या धर्मात खोटं चालतं ना?"

"चालत नाही. माफ होतं."

"तेवढं पुरे."

हारपून फेकून द्यावा असं मी सुचवलं. पण ती पोराच्या आईची वस्तू, फेकणं म्हणजे चोरी, असं त्याचं म्हणणं. त्यानं तो विजारीच्या पायात सरकवला. पिळवटलेलं लोखंड, त्यात बारझिलाईचे पाय मुळातच बगळ्यासारखे. आमच्या जहाजावर तो शिडीनं चढला ते बघण्यासारखं होतं.

"पायाला काय झालं तुझ्या?" कप्तानानं विचारलं.

"ताठ झालाय," बारझिलाई म्हणाला. अक्षरशः खरं होतं. मग जेवणाच्या टेबलावर तो उभ्यानं जेवला.

"बसत का नाहीस?"

"बसता येत नाही, शूबाएल." हेही खरं.

जहाजं एकमेकांपासून सुटायला लागली तेव्हा कप्तानानं कर्णा तोंडाला लावला आणि नेहमीचा प्रश्न ओरडला, "अर्ध्या शेपटीचा नर बघितलास का?"

पिंकम क्वेकर, खोटं बोलणार नाही. पण तोंड बांधलेलं. त्यानं जोरजोरात मान हलवली आणि हात लांब करून बोट दाखवलं. सहाणेच्या चाकाकडं, जिथं हारपून पडला होता तिकडं. आमच्याकडून बघणाऱ्याला ते बोट त्यांचं डेक ओलांडून थेट क्षितिजाला लागत होतं.

"आग्नेयेला!" कप्तान म्हणाला. त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला. "जहाज वळवा!"

बारझिलाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी बटाटे सोलत मनातल्या मनात नकाशा उलगडला. आग्नेयेला चिली. चिलीच्या खाली केप हॉर्न. हॉर्नला वळसा घातला की अटलांटिक, आणि मग वर, वर, वर, डायोनिसच्या दारापर्यंत. ही युक्ती मला सुचली नाही. ती पिंकमच्या दाढेनं दिली. मी फक्त पुढं चालवली.

चिलीच्या तालकाहुआनो बंदरात बाकीचे दारू प्यायला उतरले, मी बातमी आणायला. परत येऊन सांगितलं, "शूबाएल, एका स्पॅनिश जहाजाच्या आचाऱ्यानं बघितला. हॉर्नकडं निघाला होता."

"हॉर्नकडं? थंडीत? एवढा म्हातारा नर?"

"माद्यांच्या मागं असेल."

"या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलास? फायालला माझा एक काका होता—"

"पुरे. बारझिलाई, तुला हे पटतं?"

बारझिलाईनं आभाळाकडं बघितलं. "झेफेरिनो असं म्हणतो खरं."

"बघ," कप्तान मला म्हणाला. "बारझिलाई कधी खोटं बोलत नाही."

तोवर अख्ख्या जहाजाला सगळं माहीत झालेलं. खलाशी जाता-येता मला चिमटे काढायचे. "झेफ, आज थोट्या कुठं मुक्कामाला?" "झेफ, त्याला जरा उन्हाकडं ने बाबा, बोटं गोठली!" हॉर्नला आम्ही सतरा दिवस एकाच जागी नाचत होतो. सुपाचा हंडा उडाला, मी सुपात बसलो, भट्टी विझली, 'अरे ए' एका पिंपात अडकला आणि त्यालाच ते फोडून बाहेर यावं लागलं. आणि त्या बर्फाच्या वादळात दोरांना लोंबकळणारे खलाशी एकमेकांना ओरडून धीर देत होते, "ओढा रे! थोट्या पुढंच आहे!" खोटं आहे हे माहीत असलेल्या माणसांनी त्या खोट्याच्या जोरावर हॉर्न ओलांडला.

ब्राझीलजवळ तर कहर झाला. एका सकाळी डोलकाठीवरचा माणूस ओरडला, "पाण्यावर काळं दिसतंय! अर्धी शेपूट!" आणि मी, ज्यानं हा थोट्या स्वतःच्या भट्टीत शिजवला होता, तोच मी झारा टाकून कठड्याकडं धावलो. तुम्हाला सांगतो, मला तो दिसला. पाठ दिसली, तुटकी शेपूट दिसली, मी "तोच! तोच!" म्हणून ओरडलो. होड्या खाली गेल्या. कप्तानानं स्वतः पुढं उभं राहून हारपून मारला आणि तो ठक्कन लाकडात रुतला. कुठल्यातरी कोळ्यांची उलटी झालेली होडी. सुकाणू तुटून अर्धं राहिलेलं.

कुणी हसलं नाही. कप्तान वाकला आणि त्या ओल्या, शेवाळलेल्या लाकडावर त्यानं तळहात ठेवला. "हा तो नाही," तो म्हणाला. एखाद्याला प्रेत ओळखायला बोलवावं आणि ते दुसऱ्याचंच निघावं, तसा त्याचा आवाज होता. मग त्यानं होडीखाली वाकून बघितलं. आत कुणी अडकलंय का ते. खूप वेळ बघत राहिला.

शेवटचं खोटं मी बर्म्युडा मागं पडल्यावर बोललो. "कोळ्यांनी बघितला, शूबाएल. आपल्याच बेटाच्या दक्षिणेला, उथळ पाण्याच्या कडेला."

"आपल्या बेटाला?"

"हो."

"म्हणजे डायोनिसला छपरावरून दिसत असेल."

एवढ्या काळात बायकोचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, झालं काम. म्हणालो, "दिसत असेल की."

"तिनं त्याला बघता कामा नये," तो म्हणाला. "शिडं वाढवा."

नॅन्टकेटच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तेलानं भरलेलं जहाज त्यावरून आत जात नाही. बाहेर नांगर टाकायचा, छोट्या बोटी येतात, पिंपं उतरवतात, जहाज हलकं झालं की आत. आम्ही नांगर टाकला. समोर गाव, करड्या फळ्यांची घरं, पवनचक्क्या. आमच्यातल्या एकाला दुर्बिणीतून त्याची बायको कपडे वाळत घालताना दिसली. तो रडायलाच लागला. मग म्हणाला, "कपडे लहान मुलाचे आहेत," आणि रडायचा थांबून बोटांवर महिने मोजायला लागला.

छोट्या बोटी आल्या. कप्तानानं त्यांना हाकलून दिलं.

"आवाज करू नका! थोट्या जवळच आहे!"

मी ज्या खोट्यानं त्याला घरापर्यंत आणला, त्याच खोट्यानं तो दाराबाहेर अडकून बसला. थोट्या इथं आहे, मग उतरायचं कशाला? एक दिवस गेला, तीन गेले, नऊ गेले. जहाजाचे मालक बोटीतून येऊन खालून ओरडून गेले. पंथातले वडीलधारे येऊन खाली होडीत तासभर शांत बसून राहिले, त्यांच्या पद्धतीनं. समुद्र लागून दोघं ओकले आणि सगळे परत गेले. गावातल्या बायका छपरांवरच्या कठड्यांना उभ्या राहून दुर्बिणीतून आमच्याकडं बघायच्या. वर्थांच्या छपरावर करड्या शालीतली एक बाई पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. आणि कप्तान दिवसभर डेकवर, गावाकडं पाठ करून, उघड्या समुद्राकडं बघत. दोन मैल पाणी मधे ठेवून नवरा-बायको असे. मला जेवण करता येईना. करत होतो तसंही येत नव्हतं, पण आता मीठसुद्धा हातातून सुटायचं.

दहाव्या दिवशी सकाळी मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "शूबाएल, मी खोटं बोललो. थोट्या इथं नाही. तालकाहुआनोपासून सगळं खोटं. तो मेलाय."

कप्तान चक्क हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला घरी जायचंय, झेफ. म्हणून आता असं बोलतोस. वर्षभर तू मला खरं सांगत आलास, आता शेवटी खोटं नको बोलू."

मी बारझिलाईकडं बघितलं. तो खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर तो हारपून आडवा होता, निजलेल्या मुलाला आणावं तसा.

"शूबाएल. थोट्या मेला. वर्ष होत आलं."

कप्तानानं पात्यावरची खूण बघितली. तिच्यावरून अंगठा फिरवला. "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू मला कधी विचारलं नाहीस. मी विचारू दिलं नाही."

"कुणी मारला?"

"कुणीच नाही. म्हातारा झाला होता."

"कुणीच नाही?"

"नाही, शूबाएल."

कप्तान पिंपावर बसला. आमची भीती होती तसा तो कठड्याकडं धावला नाही. केबिनभर त्या नराची चित्रं लावणारा माणूस, त्याला आता कुणावर रागवायचं तेच उरलं नव्हतं.

आणि त्याच वेळी खालून हाक आली. "वर घ्या मला!"

डायोनिस. गावातल्या एका तेलवाल्याच्या होडीतून आली होती, वल्हवत आणि भिजत. बायकांना वर घ्यायची खुर्ची असते, पिंप अर्धं कापून केलेली. ती 'अरे ए'नं बनवलेली, आणि 'अरे ए'ची नजर गेलेली. खुर्ची वर येताना गोल गोल फिरत होती. एकदा डायोनिस आमच्याकडं तोंड करून वर आली, एकदा पाठ करून. दोर अडकला. ती तशीच, डोक्यावरची बॉनेट टोपी सरळ, हात मांडीवर, समुद्रावर लोंबकळत राहिली, आणि फिरता फिरता म्हणाली, "सावकाश, झेफेरिनो. इतकी वर्षं थांबले, आता घाई नाही." मी तिला हात दिला तेव्हा तिचं बोट बर्फासारखं लागलं.

ती कप्तानासमोर एका दोराच्या वेटोळ्यावर बसली. टोप्या घातलेले आम्ही सगळे आजूबाजूला. कुणाला जा म्हणायचं सुचलं नाही, कुणाला जायचं सुचलं नाही.

"डायोनिस," कप्तान म्हणाला. मग, "कुऱ्हाड. कुऱ्हाड माझ्या हाताशी—"

"ते नको," ती म्हणाली. "ते मला बारझिलाईच्या पत्रातच कळलं. त्यानं जे लिहिलं नव्हतं त्यातनं. मला ते नको, शूबाएल." तिनं शाल सारखी केली. "मला त्याची सकाळ सांग. त्या दिवशीची. तो उठला कसा, काय बोलला. काय खाल्लं त्यानं? तू होतास ना."

कप्तानानं तोंड उघडलं. मी त्याचा चेहरा बघत होतो. तो आठवत होता, खरोखर आठवत होता, कपाळावरची शीर टरारली होती. थोट्या किती श्वास घेऊन बुडी मारतो हे त्याला माहीत होतं. कुठल्या डोळ्यावर व्रण आहे ते माहीत होतं.

"त्या सकाळी," तो म्हणाला, "पूर्वेला... पहिलं कारंजं उडालं ते..." आणि थांबला. "डायोनिस, मला आठवत नाही. मला त्याचं काहीच आठवत नाही."

"बारझिलाई?" ती म्हणाली.

बारझिलाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी त्या सकाळी त्याच्याकडं बघितलं नव्हतं. मी खोटं नाही सांगणार."

तीन वर्षं ते नाव आम्ही कुणी घेतलं नव्हतं. न घेतलेली नावं कुठं जातात कोण जाणे, पण जाताना आपल्याबरोबर बरंच काही घेऊन जातात. सगळे माझ्याकडं बघायला लागले. रोजच्यासारखेच. मलाही त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. आठवावं असं त्या सकाळी काही नव्हतंच. हजार सकाळींसारखी एक.

मी टोपी काढून हातात घेतली.

"एलिहू भट्टीजवळ आला," मी म्हणालो. "लवकर. केस उभे. म्हणाला, झेफ, काल तू काय शिजवलं होतंस ते मेलं होतं की जिवंत? मी त्याला शिव्या घातल्या. तो हसला. बिस्किटं चरबीवर परतून दिली, चार खाल्ली. तिथंच उभा राहून. आणि कॉफी घेतली, त्यात काकवी, चांगली दोन चमचे, ढवळून ढवळून—"

डायोनिस माझ्याकडं एकटक बघत होती. कप्तानही बघत होता, तहानलेला माणूस बघतो तसा.

"काकवी तो घ्यायचा नाही," ती हळूच म्हणाली. "लहानपणापासून नाही. वाससुद्धा चालायचा नाही त्याला."

मी टोपी पुन्हा डोक्यावर चढवायला लागलो.

तिनं हात लांब करून शूबाएलचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"पुढं सांग, झेफेरिनो," ती म्हणाली. "कॉफी घेतली. मग?"